चौथं कलम

होनोलुलूतला हा इओलानी राजवाडा. व्हाइट हाउसच्या आधी इथे विजेचे दिवे लागले. आणि ही वरच्या मजल्यावरची गोधडी, हवाईची राणी लिलिउओकलानी 1895 मध्ये याच खोलीत कैदेत असतानाची.

हवाईचं राज्य अमेरिकेत कसं गेलं, ही गोष्ट सहसा 16 जानेवारी 1893 पासून सांगतात. 'बॉस्टन' या अमेरिकी युद्धनौकेवरून नौसैनिक उतरले. दुसऱ्या दिवशी राणीचं सिंहासन गेलं. प्राध्यापक मर्झ टेट मात्र मागे गेल्या, थेट साखरेच्या जकातीपर्यंत.

टेट मिशिगनच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. जन्म 1905. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना त्या राज्यात हायस्कूलची नोकरी मिळेना, म्हणून इंडियानापोलिसला शिकवायला गेल्या. पुढे ऑक्सफर्ड, मग हार्वर्डची डॉक्टरेट आणि 1942 पासून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात इतिहास. मध्ये काही काळ शांतिनिकेतनातही शिकवलं. परराष्ट्र धोरणाचा अभ्यास तेव्हा गोऱ्या पुरुषांची मक्तेदारी होती.

आता हे उसाचे मळे पाहा. 1875 च्या करारानं हवाईची साखर अमेरिकेत जकातीविना जाऊ लागली. बदल्यात काय? चौथं कलम वाचा. करार आहे तोवर हवाईच्या राजानं कुठलंही बंदर, कुठलीही जमीन दुसऱ्या कोणत्या देशाला द्यायची नाही. एक गोळीही न झाडता! मळे वाढले, भांडवल बहुतांशी अमेरिकी, आणि मोठं गिऱ्हाईक एकच. 1887 मध्ये कराराला मुदतवाढ मिळाली, ती पर्ल हार्बर वापरू देण्याच्या बदल्यात. 1890 मध्ये अमेरिकेनं सगळ्याच देशांच्या कच्च्या साखरेवरची जकात उठवली, वर स्वतःच्या उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिलं. हवाईची सवलत एका फटक्यात निरर्थक झाली. आता अनुदान हवं, तर अमेरिकेत सामील व्हायला हवं. उसाच्या दरानं सत्ता कशी हलते, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

हवाईच्या लोकांच्या 1897 च्या या अर्जांवर विलीनीकरणाविरुद्ध 21 हजारांहून जास्त सह्या आहेत. तरी पुढच्याच वर्षी हवाई अमेरिकेत गेलं.

टेट यांचा हवाईवरचा पहिला ग्रंथ 1965 मध्ये निघाला. अमेरिकी काँग्रेसनं हवाईच्या मूळ रहिवाशांची माफी मागितली 1993 मध्ये. त्या ठरावात ऊसमळेवाले आहेत, 1875 आणि 1887 चे करारही आहेत. टेट तेव्हा 88 वर्षांच्या होत्या.