१८० सेकंद कशासाठी?

(नांदेडमध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे केलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

मित्रहो, परभणी-नांदेड पट्ट्यात रस्त्याचं काम निघालं की जेसीबीच्या दातात फायबर येतंच. छोट्या इंटरनेटवाल्याकडे दुसरी लाइन असते, तरी नेट सुरळीत व्हायला कधी कधी तीन मिनिटं जातात. का? फायबर मधेच कुठंतरी तुटलेलं असतं, पण राउटरपासून स्विचपर्यंतची केबल शाबूत असते. त्यामुळे बीजीपीला, म्हणजे राउटर एकमेकांना मार्ग सांगतात त्या प्रोटोकॉलला, शेजारी राउटर जिवंतच वाटतो आणि ते होल्ड टाइम (शेजारी गप्प असला तर सेशन तोडण्याआधी थांबायचा वेळ) संपायची वाट पाहत बसतं. आरएफसी ४२७१ या बीजीपीच्या मानक दस्तऐवजानं २००६ साली ९० सेकंद सुचवले. एफआरआर हे मुक्त राउटिंग सॉफ्टवेअर नेहमीच्या प्रोफाइलमध्ये (तयार सेटिंगच्या संचात) १८० धरतं, डेटासेंटरच्या प्रोफाइलमध्ये ९.

एफआरआरच्या कोडमध्ये या आकड्यावर ‘होल्ड टाइम १८० सेकंद’ अशी कॉमेंट लिहून काय मिळालं? आकडा खालच्या ओळीत दिसतोच की! वाचणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच: हा आकडा ९ केला तर काय होईल? रेडिओ लिंकवर लागोपाठ थोडी पॅकेटं गळाली तरी सेशन पडेल, मार्ग मागे घेतले जातील, पुन्हा जाहीर होतील. हे कोडमध्ये कुठंच लिहिलेलं नसतं.

याहून अवघड जागा म्हणजे एमईडी, शेजारी नेटवर्क ‘माझ्याकडे या वाटेनं या’ हे सुचवायला मार्गासोबत पाठवतं तो आकडा. हा आकडा एरवी एकाच शेजारी एएसकडून (स्वतंत्रपणे चालवलेल्या नेटवर्ककडून) आलेल्या मार्गांमध्येच ताडून पाहतात. समजा अ आणि ब एकाच शेजाऱ्याचे, क दुसऱ्याचा. एमईडी कमी म्हणून अ जिंकतो ब वर. आपल्या नेटवर्कच्या आतलं अंतर कमी म्हणून ब जिंकतो क वर, आणि त्याच कारणानं क जिंकतो अ वर! मग शेवटी कोण निवडला जाईल, हे कोण आधी आलं यावर ठरू शकतं. म्हणून डिटरमिनिस्टिक-एमईडी हा पर्याय चालू असेल तेव्हा मार्गांचे आधी शेजाऱ्यानुसार गट पाडतात. हे कारण तिथं लिहिलं नाही, तर उद्या कुणीतरी हुशार पोरगा ‘उगाच दोन लूप आहेत’ म्हणून ते काढून टाकेल. त्याची साधी चाचणी पासही होईल.

डॉक्युमेंटेशनचं तसंच. आरएफसी ८२१२ नं २०१७ साली सांगितलं, की बाहेरच्या शेजाऱ्यासाठी पॉलिसी (कोणते मार्ग घ्यायचे-द्यायचे याचे नियम) लावलेली नसेल तर मार्ग घेऊ नका आणि देऊही नका. एफआरआरच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये हे आता मुळातच चालू असतं. नव्या माणसाला दिसतं काय? सेशन उभं आहे, पण मार्ग एकही नाही, आणि सेशनच्या समरीत मार्गांच्या आकड्याच्या जागी ‘पॉलिसी’ हा शब्द. आज्ञेचं (कमांडचं) नाव माहीत असेल त्याला कागदपत्रांत माहिती सापडते. पण त्या माणसाला नाव कुठून ठाऊक असणार? त्याच्या डोळ्यांपुढे फक्त लक्षण आहे. म्हणून लक्षणापासून लिहा.

‘इंग्रजी कच्चं आहे, सर’ हे मला इथं फार ऐकू येतं. अहो, झेब्रा हे राउटिंग सॉफ्टवेअर १९९६ साली एका जपानी प्रोग्रामरनं सुरू केलं, त्यातून क्वागा निघालं, त्यातून एफआरआर. छोटी, खरी वाक्यं पुरतात. मात्र रेझ्युमेसाठी स्वल्पविराम हलवून पॅच (पाठवलेले बदल) मोजत बसण्याला मी काम म्हणत नाही. एका लॅपटॉपवर लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (एकाच यंत्रात वेगवेगळी नेटवर्क उभी करायची सोय) दोन राउटर उभे करा, वाक्य खरं आहे का ते तपासा, मगच लिहा. एफआरआरची वापरणाऱ्यांसाठीची आणि डेव्हलपरांसाठीची कागदपत्रं कोडच्याच रिपॉझिटरीत, डॉक फोल्डरमध्ये आहेत. कोड बदललात तर त्याच पॅचमध्ये तीही बदला. आणि साइन्ड-ऑफ-बायची ओळ (हा बदल द्यायचा मला हक्क आहे, असं नावानिशी सांगणारी) विसरू नका, तिच्याशिवाय एफआरआरवाले पॅच घेत नाहीत.