तबल्याच्या जोड्या सहाच

(दृश्य: फोंड्याहून म्हार्दोळकडे जाणारा रस्ता. पाऊस. मागे तबल्याचा ठेका.)

मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे. फोंडा तालुक्यात एका देवळाची घंटा विरते न विरते तोच दुसरं देऊळ लागतं. देऊळ आलं की भजन आलं, आणि भजन आलं की पेटी-तबला शिकवणारा कुणीतरी आलाच. थोर तबलावादक लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांच्या या गोव्यात आपण निघालोय एका साध्या, घरगुती तबल्याच्या क्लासला. इथलं दुखणं एकच. मुलं भरपूर, जागा कमी.

क्लास भरतो घराच्या पडवीत. संध्याकाळी तीन बॅच. कोण येणार, कोण नाही, फी कोणाची राहिली, सगळा कारभार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. त्यात सुप्रभातची चित्रं, जत्रेतल्या नाटकांच्या जाहिराती, आणि मध्येच कुठेतरी 'आज आमचा येणार नाही'. आमचा म्हणजे कोणाचा, ते मास्तरांनी नंबरावरून ओळखायचं.

मास्तरांची भाची बी.कॉम. करते. कोडिंगचा गंध नाही. पण लव्हेबल, बोल्ट, रेप्लिट अशी साधनं आता हाताशी आहेत. काय हवं ते साध्या भाषेत लिहायचं, कोड एआय लिहितं. एआय संशोधक आंद्रे कारपाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये या प्रकाराला 'व्हाइब कोडिंग' हे नाव दिलं, आणि ते चिकटलं. भाचीने यातलंच एक साधन उघडलं आणि मराठीत लिहिलं: 'तबल्याच्या क्लाससाठी ॲप हवं. तीन बॅच, प्रत्येकी सहा जागा.'

(दृश्य: मोबाइलचा पडदा. रंगीत, गुळगुळीत.)

चहा निवेपर्यंत पडदे तयार. फक्त ते एखाद्या जिमचे वाटत होते. 'मेंबरशिप पॅक', 'ट्रायल सेशन', वर कॅलरीचा एक चौकोनसुद्धा. ग्रुप क्लास म्हटलं की या यंत्रांना आधी योगा नाही तर झुंबा सुचतो. त्यात आश्चर्य नाही, तशी ॲप्स जगात ढिगाने आहेत. पडवीतल्या क्लासचं कुणी कशाला करतंय!

खरी गंमत पुढे आहे. मास्तरांनी पडदा पाहिला आणि म्हणाले, "बाय, मुलं मोजू नको, जोड्या मोज."

(दृश्य: हजेरीची वही, अगदी जवळून.)

ही त्यांची वही. काही नावांपुढे बारीक 'घ' दिसतो. घ म्हणजे घरची जोडी. क्लासच्या जोड्या सहा, म्हणून जागा सहा. पण जो मुलगा आपली तबला-डग्ग्याची जोडी घेऊन येतो, तो सातवा आला तरी चालतो. पावसाळ्यात मात्र तोच मुलगा जोडी घरी ठेवून येतो, कारण स्कूटरवर पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, भिजते. म्हणजे जून उजाडला की 'घ' पुसायचा. वर्षानुवर्षं हा नियम मास्तरांच्या डोक्यात होता, कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. एआयला मात्र सांगितल्याशिवाय काही कळत नाही.

मग एकेक निघत गेलं. भावंडांची फी वेगळी. चुकलेला तास दुसऱ्या बॅचमध्ये भरून काढता येतो, पण परीक्षेच्या बॅचमध्ये नाही. वास्कोच्या दामोदर सप्ताहात साथीला बसलेल्याची गैरहजेरी लावायची नाही. माझ्या मते ॲपचं निम्मं काम इथे झालं, आणि तेही कॉम्प्युटर बंद असताना.

उरलेलं निम्मं किचकट होतं. एक जागा शिल्लक, आणि दोन आयांनी एकाच क्षणी बटण दाबलं. दोघींच्या फोनने 'एक जागा आहे' असंच वाचलं, दोघींची नावं लागली. यावर उपाय म्हणजे जागा तपासणं आणि नाव लिहिणं या दोन गोष्टी डेटाबेसमध्येच एका दमात व्हायला हव्यात, फोनवर नाही. आणखी एक. चतुर्थीची सुट्टी ॲपने हरतालिकेलाच दाखवली. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. इथे मध्यरात्र होते तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. सुट्टी वेळेशिवाय, नुसती तारीख म्हणून साठवली आणि प्रश्न मिटला. 'बिघडलंय, नीट कर' एवढंच लिहीत बसलं असतं तर क्रेडिट, म्हणजे त्या साधनाच्या वापराचा ठरलेला कोटा, संपली असती, आणि एक दुरुस्त होताना दुसरं मोडलं असतं.

मुलांची नावं, पालकांचे नंबर कोण पाहू शकतं, हा प्रश्न भाचीने स्वतःहून विचारला, म्हणून सुटला. प्रत्येक पालकाला फक्त आपल्याच मुलाची नोंद दिसावी, हा नियम डेटाबेसच्या प्रत्येक तक्त्यावर लावावा लागतो; पडद्यावरून नुसतं लपवून भागत नाही. त्यात २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती मागतो. तेव्हा नाव नोंदवतानाच ती घेतली जाते.

प्ले स्टोअरच्या वाटेला भाची गेली नाही. तिथे २५ डॉलर भरायचे, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. त्यापेक्षा लिंक पाठवली, पालकांनी ती होम स्क्रीनवर ठेवली. फी जुन्याच यूपीआय क्यूआरवर. पैसे आल्याचं त्या क्यूआरवरून ॲपला कळत नाही, म्हणून मास्तर मेसेज बघून स्वतः खूण करतात. पेमेंट गेटवेचं कमिशन द्यायची त्यांची तयारी नाही. या बाबतीत मी मास्तरांच्या बाजूने.

(दृश्य: पडवी. क्लासच्या सहा जोड्या, एक घरची, सात मुलं. तबल्यावर कायदा, म्हणजे बोलांची एक रचना, सुरू.)

आता शेजारच्या गावातल्या महिला भजनी मंडळाने भाचीला गाठलंय. त्यांना फी नको, जागांची मर्यादा नको, हजेरी तर नकोच. मंडळाची पेटी एकच आहे. या आठवड्यात ती कोणाच्या घरी आहे, तेवढं ॲपने सांगावं, असं त्यांचं म्हणणं आहे.