नळी घेऊन घरी जाताना

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी काहींचं ऑपरेशन व्हायचं आहे, काहींचं नुकतंच झालंय, आणि बरेच जण त्यांच्यासोबत आलेले आहेत. मी आज मुख्यतः सोबत आलेल्यांशी बोलणार आहे. थिएटरमधलं काम काही तासांत उरकतं, पण पुढचे दोन-तीन आठवडे जखमेवर नजर असते ती घरच्या माणसाची. त्याच माणसाला डिस्चार्जच्या गडबडीत, औषधांच्या चिठ्ठीसोबत, पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळं केलं जातं. हे मला फार खटकतं, म्हणून आज जरा निवांत बोलू.

पहिला प्रश्न असतो, ऑपरेशननंतर जखमेत ठेवलेली ही नळी, म्हणजे ड्रेन, ठेवलीच कशाला? शरीरातला एखादा भाग काढला की तिथे पोकळी उरते. स्तनाच्या कॅन्सरसाठी स्तन आणि काखेतल्या गाठी काढतात, तेव्हा वरची कातडी खालच्या स्नायूपासून सुटी झालेली असते. त्या पोकळीत रक्त आणि लसिकेचं (लिम्फचं) पाणी झिरपत राहतं. ते साचलं तर कातडी खाली चिकटत नाही, टाक्यांवर ताण येतो आणि साचलेल्या पाण्यात जंतूंना आयती जागा मिळते. ड्रेन हे पाणी बाहेर आणतो. कधीकधी त्याचं काम पहारेकऱ्याचं असतं. आतडं किंवा पित्तनलिका जोडलेली असेल आणि जोड गळायला लागला, तर पहिली खबर बऱ्याचदा त्या नळीतून मिळते.

ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच सर्जन शासेन्याक यांनी 1859 मध्ये छिद्रं पाडलेल्या रबरी नळ्यांचा पुरस्कार केला. 1871 मध्ये स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलच्या राजवाड्यात राणी व्हिक्टोरियाच्या काखेत गळू झालं होतं, ते ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांनी फोडलं. पू नीट वाहून जाईना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या जंतुनाशक कार्बोलिक फवाऱ्याच्या रबरी नळीचा तुकडा कापून घेतला, कार्बोलिकमध्ये भिजवला आणि जखमेत बसवला. त्या शतकात ‘शंका असेल तर ड्रेन ठेवा’ हे सूत्रच होऊन बसलं. आता ते मागे पडलंय. पित्ताशयाच्या साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला किंवा मोठ्या आतड्याच्या बऱ्याच ऑपरेशनांना सरसकट ड्रेन ठेवून फायदा होत नाही, असं अभ्यासांतून दिसलं. तेव्हा शेजारच्या पेशंटला नळी आहे आणि आपल्याला नाही, म्हणून घाबरू नका.

घरी पाठवतात तो ड्रेन बहुधा बंद, ओढून घेणारा असतो. नळीच्या टोकाला मऊ बल्ब किंवा स्प्रिंगची चपटी डबी असते. ड्रॉपरचा रबर दाबून सोडला की औषध वर चढतं, तसंच इथे होतं. दाबलेला बल्ब फुगायला बघतो आणि फुगताना आतलं पाणी ओढतो. म्हणून पूर्ण फुगलेला बल्ब म्हणजे ओढ संपलेला बल्ब.

रिकामा करायची रीत आता सावकाश सांगतो, कारण चुका इथेच होतात. दिवसातून दोन-तीनदा किंवा बल्ब अर्धा भरला की करायचं. आधी हात साबणाने धुवा. बूच उघडा, पण बुचाच्या आतल्या बाजूला आणि तोंडाला बोट लावू नका. पाणी मापाच्या कपात ओता, कप सपाट जागी ठेवा आणि डोळे त्या रेषेच्या पातळीला आणून आकडा वाचा. हातात धरून वरून बघितलं तर आकडा चुकतो. मग बल्ब तळहातात घट्ट दाबून सगळी हवा बाहेर काढा आणि तो दाबलेला असतानाच बूच लावा. पुष्कळ जण आधी बल्ब सोडतात आणि मग बूच लावतात. दिसायला सगळं ठीक दिसतं, पण ओढ शून्य. रात्रभर पाणी आत साचतं आणि सकाळी आकडा कमी आला म्हणून घरात आनंद होतो.

पाणी टॉयलेटमध्ये ओतून फ्लश करा, हात पुन्हा धुवा. बल्ब जखमेच्या खालच्या पातळीवर कपड्याला पिनने अडकवा, लोंबकळत ठेवू नका. पिन बल्बच्या पट्टीतून घाला, नळीतून कधीच नाही. दोन ड्रेन असतील तर त्यांना नंबर द्या आणि हिशोब वेगळा ठेवा.

आता वही. तारीख, वेळ, किती मि.ली., रंग. एवढंच लिहा, पण रोज लिहा. सुटा आकडा मला फारसं काही सांगत नाही. 60 मि.ली. चांगलं की वाईट? काल 90 होतं तर चांगलं, काल 25 होतं तर मला फोन करा. रंगाचंही तसंच आहे. सुरुवातीला लाल, मग गुलाबी, मग फिकट पिवळसर, हा नेहमीचा क्रम. गुलाबीवरून पुन्हा गडद लाल झालं, बल्ब भराभर ताज्या रक्ताने भरू लागला, तर वाट बघायची नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर हिरवट पित्तासारखं किंवा शौचाचा वास येणारं पाणी आलं, कुठल्याही ड्रेनमध्ये गढूळ, घाण वासाचं पाणी आलं, मानेच्या ऑपरेशननंतर जेवण सुरू झाल्यावर दुधासारखं पांढरं आलं, तर त्याच दिवशी कळवा.

समजा वहीत 90, 70, 55 असं उतरत आलंय आणि चौथ्या दिवशी एकदम 5. नळीच्या भोवतीचं ड्रेसिंग मात्र ओलं. याचा अर्थ पाणी थांबलेलं नाही, नळी तुंबली आहे आणि पाण्याने बाजूने वाट काढली आहे. नळी कुठे मुडपली का बघा. आत दोरीसारखी लांबट गुठळी दिसेल. डॉक्टरांनी शिकवलं असेल तर एका हाताने नळी कातडीजवळ घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती गुठळी बल्बकडे सरकवत न्या. वरचा हात सुटला तर सगळी ओढ टाक्यावर येते, म्हणून तो पक्का धरायचा. आणि नळीची छिद्रं बाहेर दिसायला लागली तर नळी सरकली आहे. ती आत ढकलू नका.

नळी आहे तोवर अँटिबायोटिक चालू हवं, असा आग्रह पुष्कळदा नातेवाईक धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: ऑपरेशनच्या वेळी प्रतिबंधासाठी दिलेलं अँटिबायोटिक केवळ ड्रेन आहे म्हणून पुढे चालू ठेवू नये. संसर्ग झालेला असेल तर गोष्ट वेगळी. कृपया डॉक्टरांना गोळ्या लिहायला भाग पाडू नका.

जखमेकडे वळू. टाके घातलेल्या जखमेच्या कडा वरच्या थरात साधारण 48 तासांत जुळतात. त्यानंतर बहुतेकांना अंगावर पाणी घेऊन आंघोळ चालते. टबात किंवा तलावात बुडून नाही. ड्रेन असेल तर मात्र आधी विचारा. जखम चोळायची नाही, स्वच्छ कपड्याने हलकेच टिपायची. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, पावडर यातलं काहीही मनाने लावू नका. जे जंतूंना मारतं ते नव्याने वाढणाऱ्या पेशींनाही मारतं. जखम उघडी ठेवून कडक सुकवली की लवकर भरते, हाही समज आहे. जॉर्ज विंटर या संशोधकाने 1962 मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने येते. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. भिजलेलं ड्रेसिंग बदलायलाच हवं.

कडा जुळल्या म्हणजे जखमेत ताकद आली असं नाही. तिसऱ्या आठवड्याअखेर जखमेत मूळ त्वचेच्या सुमारे 20 टक्के ताकद असते, आणि महिन्यांनंतरही ती 80 टक्क्यांच्या आसपासच थांबते. टाके निघाल्यावर माणसाला मोकळं वाटतं आणि तो वजन उचलतो, म्हणून हे आकडे मी मुद्दाम सांगतो. सिगारेट तर अजिबात नको. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडांना रक्त पोचत नाही. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं हा जखमेचाच उपचार आहे. प्रथिनं पुरेशी हवीत.

कडेला थोडी लाली, थोडी खाज, सुन्नपणा, हे चालतं. पण लाली पसरत असेल, दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, पू, ताप, थंडी वाजणं असेल तर दाखवा. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा, म्हणजे पसरली की नाही यावर घरात वाद होणार नाही.

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास कोरड्या जखमेतून अचानक गुलाबी पाण्याचा लोट आला, तर आतले थर उसवत असू शकतात. लगेच हॉस्पिटल गाठा. आतडं बाहेर दिसलं तर ते आत ढकलू नका. सलाईनने ओलं केलेलं निर्जंतुक गॉज त्यावर ठेवा, नसेल तर स्वच्छ ओलं कापड. पेशंटला गुडघे वाकवून झोपवा, तोंडाने काही देऊ नका आणि अँब्युलन्स बोलवा.

नळी काढायची कधी? स्तनाच्या ऑपरेशननंतर 24 तासांत 30 मि.ली.पेक्षा कमी, तेही सलग एक-दोन दिवस, असा पुष्कळ ठिकाणचा दंडक आहे. ऑपरेशनप्रमाणे तो बदलतो, आणि इथे तुमची वहीच डॉक्टरांच्या उपयोगी पडते. काढताना काही सेकंद ओढल्यासारखं होतं. भोक शिवत नाहीत, ते आपोआप मिटतं, एक-दोन दिवस थोडं पाझरतं. नंतरच्या आठवड्यात तिथे पाण्याच्या फुग्यासारखी सूज आली तर तो सिरोमा. लहान असेल तर आपसूक जिरतो, मोठा असेल तर डॉक्टर सुईने पाणी काढतात. पुन्हा भरला तर पुन्हा काढावं लागतं. घरी तो दाबून फोडायला जाऊ नका.