पायरिअसमधलं ते घर

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथातलं दृश्य. पायरिअस, अथेन्सचं बंदर. ढालींचा कारखाना असलेल्या एका श्रीमंत घरी गप्पांचा फड जमलाय. कुटुंब मूळचं सिसिलीतल्या सिराक्यूजचं. पैसा बक्कळ, पण अथेन्सचं नागरिकत्व नाही. सॉक्रेटिस विचारतो: न्याय म्हणजे काय?

घरचा मुलगा पॉलिमार्कस म्हणतो, मित्राचं भलं करावं, शत्रूचं वाईट. सॉक्रेटिस त्याला हळूहळू कबूल करायला लावतो, की न्यायी माणूस कुणाचंच वाईट करणार नाही. तेवढ्यात वक्तृत्व शिकवणारा थ्रॅसिमाकस उसळतो: न्याय म्हणजे बलवानाचा फायदा, बाकी सगळ्या बाता!

'रिपब्लिक'मधला हा संवाद प्लेटोनं लिहिला, तोवर या घराची वाताहत होऊन गेली होती. इ.स.पू. 404. स्पार्टाकडून हरलेल्या अथेन्सवर तीस जणांची जुलमी राजवट आली. त्यांना पैसा हवा होता. पॉलिमार्कसला रस्त्यात धरलं आणि खटला न चालवताच विष प्यायला लावलं. 700 ढाली नेल्या, 120 गुलाम नेले. त्याच्या बायकोच्या कानातली सोन्याची कुंडलंसुद्धा काढून घेतली. त्याचा भाऊ लिसियस यानं पुढे हे सगळं भर न्यायालयात सांगितलं.

त्या तिसांचा म्होरक्या क्रिटियस. प्लेटोच्या आईचा सख्खा चुलतभाऊ!

मग लोकशाही परतली. तिनं इ.स.पू. 399 मध्ये प्लेटोच्या गुरूला, सॉक्रेटिसलाच मृत्युदंड दिला.

मूठभरांचं राज्य पाहिलं, बहुमताचंही पाहिलं. प्लेटोनं मग कल्पनेत तिसरंच नगर वसवलं. राज्य तत्त्वज्ञांनी करायचं, लढायचं सैनिकांनी, शेती-कारागिरी बाकीच्यांनी. ज्यानं त्यानं आपलं काम करावं, दुसऱ्याच्या कामात लुडबुड करू नये, हाच न्याय. राज्यकर्त्यांना आणि सैनिकांना स्वतःचं घर नाही, जमीन नाही, सोन्याला हात लावायचा नाही. जेवण सगळ्यांचं एका पंगतीत. या वर्गांत स्त्रियांनाही जागा, आणि तीही बाईला मत नसलेल्या अथेन्समध्ये बसून लिहिलेली.

कुंडलांची हकिगत ऐकल्यावर सत्तेपासून सोनं लांब ठेवायचा हा हट्ट कळतो. पण चांभाराला कुणी विचारलं? त्याला एक रचलेली गोष्ट सांगायची: देवानं राज्यकर्त्यांत सोनं मिसळलं, सैनिकांत चांदी, तुझ्यात लोखंड नि कांसं. ही थाप आहे, हे प्लेटोचा सॉक्रेटिस स्वतःच कबूल करतो. लायक पोराला वर घ्यायची सोय ठेवलीय खरी, पण लायकी ठरवणार वरचेच.

प्लेटोच्या अकादमीत, म्हणजे त्याच्या विद्यालयात, सुमारे 20 वर्षं काढलेल्या ॲरिस्टॉटललाही हे पटलं नाही. राज्य कायम त्याच लोकांच्या हाती राहिलं तर बाकीचे बंड करतील, असं तो लिहितो. त्यातही आधी बिथरतील ते रग असलेले लढवय्ये.