कोर्टाची नोटीस आली, तर बैठकीला जा

नमस्कार, श्रोतेहो.

उसाच्या ट्रॅक्टरची धडक बसून पाय मोडलेला एक गुऱ्हाळ कामगार माझ्याकडं आला होता. हातात प्लॅस्टिकची पिशवी. तीत एक्स-रे, औषधांची बिलं आणि चार घड्या घातलेली कोर्टाची नोटीस. म्हणाला, "वकीलसाहेब, सही कुठं करायची तेवढं सांगा."

मी म्हटलं, "सहीचं नंतर बघू. आधी बिलं काढा."

नोटीस प्ली बार्गेनिंगच्या बैठकीची होती. आरोपी गुन्हा कबूल करतो, बदल्यात शिक्षा कमी मागतो. ही सोय २००६ पासून आहे. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या, २८९ ते ३०० या कलमांत आहे. सात वर्षांहून जास्त शिक्षेचे गुन्हे, तसंच स्त्रिया आणि बालकांवरचे गुन्हे यात बसत नाहीत.

बैठकीला सरकारी वकील, तपास अधिकारी आणि आरोपी यांच्याबरोबर पीडितालाही बोलावणं हे कायद्यानंच ठरवलंय. भरपाई आणि खटल्याचा खर्च तिथंच ठरतो. पटलं नाही तर नाही म्हणा. खटला पुढं चालतो. पण एकदा निकाल लागला की त्यावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट, म्हणजे घटनेनुसारची खास याचिका, करता येते, आणि ऑगस्ट २०२५ पासून त्याचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, कोल्हापुरातच आहे, मुंबईची वारी चुकली. तरी रिट म्हणजे अपील नव्हे. म्हणून जे मागायचं ते बैठकीतच मागा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा किंवा १५१०० ला फोन करा.

आणखी एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इथं पैसे मिळाले म्हणून दिवाणी दावा संपत नाही. मिळालेली रक्कम तिथं हिशेबात धरली जाते, एवढंच. मात्र आरोपीनं इथं दिलेली कबुली दुसरीकडं पुरावा म्हणून वापरता येत नाही. तेव्हा पंचनामा, दवाखान्याचे कागद, साक्षीदार हे सगळं आपलं आपण जपायचं. मोटार अपघात न्यायाधिकरणाचा दावा तर अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. फौजदारी खटल्याची वाट बघत बसू नका.

त्या दिवशी आम्ही दोघांनी कागदावर मांडणी केली. ऑपरेशन, ड्रेसिंग, दवाखान्याला जायचं रिक्षाभाडं, हंगामाची बुडालेली मजुरी. पायातली सळई पुढं काढावी लागणार, तो खर्च त्यानं धरलाच नव्हता.