फाट्यावरची बस आणि ओढ्यापलीकडची शाळा

(दृश्य: सकाळ. दोन्ही बाजूंना ऊस, मधून रस्ता. फाट्यावर पिवळी बस येऊन थांबते.)

सकाळी सव्वासातला फाट्यावर ही बस येते. आमच्या गल्लीतली नऊ पोरं तिच्यात चढतात. सगळ्यात धाकटं चार वर्षांचं, त्याचे डोळे अजून मिटलेलेच असतात. बस इथून चौदा किलोमीटर जाते.

आणि ओढ्यापलीकडे, आमच्या दारापासून चालत पाच मिनिटांवर, जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी. पट ३८.

माझी लेक यंदा पहिलीला जाणार. "कुठं घालणार पोरीला?" हा प्रश्न दिवाळीपासून सुरू झाला. विहिरीवर, दूध डेअरीत, लग्नाच्या पंगतीत. आणि विचारणाराच उत्तरही देऊन जायचा : "बसला घाला." ओढ्यापलीकडच्या शाळेचं नाव कुणी काढत नव्हतं. मी एकेकाला विचारलं, तुम्ही आत जाऊन बघितलंय का? गेल्या दहा वर्षांत कुणीच गेलं नव्हतं. न बघता नापास केलेली शाळा. हे मनाला लागलं.

खरं सांगायचं तर आम्हीही आधी बसच्याच शाळेत गेलो होतो. तिथं लेकीला एकटीला एका खोलीत नेलं. रंग विचारले, एक ते वीस इंग्रजीत म्हणायला लावले. ती गप्प राहिली. बाहेर आल्यावर माझा पदर धरून म्हणाली, "आई, मी नापास झाले?" पाच वर्षांच्या लेकराच्या तोंडी हा शब्द! शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे. त्याच्या १३व्या कलमानं प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी चाचणी घ्यायला मनाई केली आहे. हे मला तेव्हा ठाऊक असतं, तर मी तिला त्या खोलीत जाऊच दिलं नसतं.

(दृश्य: ओढ्यावरचा लहान पूल. शाळेचं फाटक. भिंतीवर रंगवलेला क्रमांक.)

ओढ्यापलीकडच्या शाळेत मी चार वेळा गेले. पहिल्यांदा सांगून गेले. त्या दिवशी दारात रांगोळी होती, पोरांनी स्वागतगीत म्हटलं, आणि मला शाळेबद्दल काहीच कळलं नाही. मग मोठ्या बाईंना विचारलं, "अधूनमधून न सांगता येऊ का?" त्या म्हणाल्या, "या की. पण मुलांचे चेहरे चित्रीकरणात नकोत." म्हणून तुम्हाला इथं हात दिसतील, वह्या दिसतील, आवाज ऐकू येतील.

फाटकाशेजारी हा अकरा आकडी क्रमांक आहे ना, तो यू-डायस क्रमांक. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ने सुरू होतो. त्यावरून वर्गखोल्या किती, शिक्षक किती, स्वच्छतागृहं किती, ही माहिती सरकारी संकेतस्थळावर बघता येते. मी बघितली. मुलींचं स्वच्छतागृह : आहे, वापरात आहे. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्यांदा गेले ती सोमवारी, बाजाराच्या दिवशी. व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : पट ३८, हजर २९. आकडा खरा होता, मी पोरं मोजली. नऊ पोरं आईबापाबरोबर बाजाराला गेली होती. ते काही चांगलं नाही. पण बाजाराच्या दिवशी ३८ हजर लिहिणारी शाळा मला जास्त घाबरवून गेली असती.

इथं दोन शिक्षक आहेत. कायद्यानं साठ पोरांपर्यंत दोनच मिळतात. त्यामुळं पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. ज्यांनी शाळा अशी कधी बघितली नाही त्यांना हे ऐकूनच धक्का बसतो. मलाही बसला होता. मग एक शिक्षिका मैत्रीण म्हणाली, "ज्या वर्गाला शिकवणं चाललंय तिकडं बघू नकोस. दुसऱ्या वर्गाकडं बघ." मी बघत बसले. बाई पहिलीला अक्षरं गिरवायला लावत होत्या, आणि दुसरीची पोरं दोघंदोघं मिळून शंभर मण्यांची माळ घेऊन दहा-दहाचे गठ्ठे मोजत होती. एक पोरगी दुसऱ्याला म्हणाली, "तीन दहा आणि चार, मग चौतीस. तू त्रेचाळीस कसं म्हणतोस?" बाईंचं तिकडं लक्षही नव्हतं. पोरांचं होतं.

(दृश्य: पुस्तकावर फिरणारं एक बोट. नखाला माती.)

आता हे जरा ऐका. दुसरीतला एक मुलगा वाचतोय. शब्द आलाय, ज्वारी.

"ज... जवा... जवारी."

बाई लगेच दुरुस्त करत नाहीत. थांबतात. मग विचारतात, "तुमच्यात भाकरी कशाची असते रे?"

"जोंधळ्याची."

"मग त्याच जोंधळ्याला पुस्तकात हे नाव आहे. आता बघ, ज अर्धा आहे. त्याला पुढच्याच्या खांद्यावर टेकव."

"ज्वा... ज्वारी!" आणि लगेच, "बाई, म्हणजे हे आमच्या रानातलंच हाय!"

मी दाराशी उभी होते. सगळा मिळून दीड मिनिटाचा प्रकार. पण शाळा बघायला आलेल्या आईला याहून जास्त काय हवं असतं? पोर चुकलं तेव्हा कुणी हसलं नाही, घरातला शब्द कुणी चूक ठरवला नाही, आणि तरी पुस्तकातला शब्द त्याच्या हातात आला. आमच्याकडं इंग्रजी इंग्रजी म्हणून जी घाई चालते, तिच्यात हाच सांधा सुटून जातो असं माझं ठाम मत झालंय.

सगळंच असं नव्हतं. मी वह्या मागितल्या. बाईंनी पुढं केलेली वही बाजूला ठेवली आणि मागच्या रांगेतली मागितली. तिसरीतल्या दोघांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती. बावन्नातून सव्वीस गेले, तर वरच्या-खालच्यात जो मोठा त्यातून लहान वजा करून चौतीस. पानामागून पान तीच चूक, आणि काही पानांवर तपासल्याची खूणही नाही.

मोठ्या बाईंनी लपवलं नाही. गेल्या वर्षी दुसरं पद पाच महिने रिकामं होतं. चार वर्ग, एक शिक्षिका. त्यात निवडणुकीच्या याद्यांचं काम. कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवलं पाहिजे. चार वर्गांना एकच बाई असेल, तर त्यातले किती तास एका पोराच्या वाट्याला येतात? शाळा बघायला जाल तेव्हा रंग, फरशी, संगणक सगळं बघा. पण हा प्रश्न विचारल्याशिवाय परत येऊ नका : गेल्या वर्षी कुठलं पद किती दिवस रिकामं होतं?

(दृश्य: मोठं पातेलं. वाफ. ओळीनं मांडलेल्या ताटल्या.)

पोषण आहार. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं, असा नियम. मुलांना वाढायच्या आधी बाई स्वतः खातात आणि चव नोंदवहीत लिहितात. त्या दिवशी मटकीची उसळ आणि भात होता. मीही खाल्ला. मीठ बेताचं, मटकी नीट शिजलेली. पोरं हात धुऊन बसली, तेही साबणानं.

आणि मग मी स्वच्छतागृहाकडं गेले.

दाराबाहेर चौथीतली एक मुलगी दोन्ही हातांनी दार ओढून धरून उभी होती. आत तिची मैत्रीण. आतली कडी कधीचीच निघाली होती. "आम्ही दोघीदोघीच येतो," ती म्हणाली. एकटी असली की पोरगी घरी जाईपर्यंत थांबते.

नोंदीत काय होतं? आहे, वापरात आहे.

३८ पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेच्या निकषानं वर्षाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान असतं. त्यातून एक कडी येत नाही का? येते. पण मागणारं कुणी नव्हतं. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या बायका. इथल्या समितीत बायका होत्या, कागदावर. बैठकीचं रजिस्टर घरी यायचं, सही व्हायची, परत जायचं.

मोठ्या बाईंच्या खोलीत शाहू महाराजांची तसबीर आहे. १९१७ साली महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळातला एक रुपया! दंड भरायचा होता तो पालकानं. तसबिरीखाली बसून मी याचाच विचार करत होते.

चौथ्यांदा गेले ती जूनमध्ये, लेकीला घेऊन. बाईंनी तिला नाव विचारलं, नंतर घरात म्हैस आहे का, तिचं नाव काय, असं बरंच काही. ती बोलत सुटली. रजिस्टरमध्ये पट ३९ झाला.

पालक सभेत मी समितीसाठी उभी राहिले, आणि पहिल्या बैठकीत कडीचं आणि हातच्याच्या वजाबाकीचं बोलले. वजाबाकीसाठी सर आता रोज मधल्या सुट्टीआधीची वीस मिनिटं देतात. दोघांतल्या एकाला यायला लागलीय, दुसरा अजून अडखळतो.

(दृश्य: निळं दार, जवळून. खाली नवी कडी. वर चार भोकं.)

कडी दोन दिवसांत बसली. बसवणाऱ्यानं ती स्वतःच्या उंचीनं बसवली. माझी लेक टाचा उंचावूनही तिथवर पोचली नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा माणूस आला, आणि या वेळी बाईंनी पहिलीतल्या सगळ्यात बुटक्या पोरीला दाराशी उभं करून खूण करून घेतली. वरची चार भोकं तेवढी बुजवायची राहिलीत.