हाय खाणं

श्रोतेहो, नमस्कार.

‘मुलगा गेला आणि बापानं हाय खाल्ली’, असं आपल्याकडे सहज म्हणतात. डॉक्टरकी सुरू केल्यावर बरीच वर्षं मला ही नुसती बोलायची रीत वाटायची. दुःखानं काळीज फाटतं ते कवितेत. आम्ही रक्तवाहिनीतली गाठ शोधणारी माणसं. (आणि काळीज म्हणाल, तर मटणाच्या दुकानात ते मागून बघा, तो यकृत हातात ठेवेल.)

मग एके दिवशी एक बाई आल्या. साठी ओलांडलेल्या. यजमानांचं तेरावं आदल्याच दिवशी झालेलं. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं दुखत होतं, दम लागला होता, अंग घामानं भिजलेलं. मुलगा दारातच म्हणाला, ‘आईनं मनाला लावून घेतलंय हो, बाकी काही नाही.’ कार्डिओग्राम काढला तर सरळसरळ हार्ट अटॅकचा. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिनही वाढलेलं. घाईनं अँजिओग्राफी केली, आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. रक्तवाहिन्या मोकळ्या, अडथळा कुठेच नाही. पण हृदयाचा डावा खालचा कप्पा, जो सगळ्या शरीराला रक्त ढकलतो, त्याचं टोक हालतच नव्हतं. वरचा भाग जोरानं आवळत होता आणि खालचा फुग्यासारखा फुगून राहिला होता.

या आकारावरूनच आजाराला नाव पडलं आहे. जपानी कोळी ऑक्टोपस धरायला दोरीला मडकी बांधून समुद्राच्या तळाशी सोडतात. गोल बुडाची, अरुंद गळ्याची मडकी. ऑक्टोपसला अंधारं बीळ आवडतं, तो आपण होऊन आत जाऊन बसतो. या मडक्याला जपानीत ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. हिरोशिमातले डॉ. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रुग्णांच्या हृदयाच्या चित्रांत तेच मडकं दिसलं. १९९० साली त्यांनी हे नाव छापलं. पुढे २३ ऑक्टोबर २००४ रोजी जपानच्याच निगाता भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा त्यानंतरच्या दिवसांत तिथे असे रुग्ण एकदम वाढले.

असं का होतं? धक्का बसला की शरीरात ॲड्रेनलिन आणि त्याच्या जातीची रसायनं उसळतात. अंगावर बैल धावून आला तर पळायला तीच कामाला येतात. पण लोंढा फार मोठा आला तर हृदयाचा स्नायू बधिर होतो. टोकाकडच्या भागावर या रसायनांचा परिणाम जास्त होतो, म्हणून तोच आधी थिजतो, असं मानतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ साली अशा १९ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तात ही रसायनं हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही दोन-तीन पट सापडली होती. स्नायू मेलेला नसतो बरं का, थिजलेला असतो. सगळा फरक तिथेच आहे.

२०१५ साली १७५० रुग्णांची मोठी नोंद प्रसिद्ध झाली. त्यांत जवळजवळ ९० टक्के बायका होत्या, बहुतेक पाळी गेलेल्या. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक कमी झाल्यावर हृदयाचं एक कवच जात असावं. पुरुषांना हा आजार क्वचित होतो, पण झाला तर जड जातो. आणखी एक गोष्ट त्या नोंदीत दिसली. मनाच्या धक्क्यानं आजारी पडलेल्यांपेक्षा शरीराच्या धक्क्यानं पडलेले जास्त होते. दम्याचा झटका, ऑपरेशन, मेंदूतला रक्तस्राव, असलं काही. कितीतरी जणांत तर कारणच सापडलं नाही. इंग्रजीत याला ‘तुटलेलं हृदय’ म्हणतात, पण ते नाव मला थोडं नाटकी वाटतं ते यामुळेच. शिवाय आनंदानंही हे होतं! भावनेच्या धक्क्यानं आजारी पडलेल्या ४८५ जणांत २० जण असे होते, ज्यांच्या घरी लग्न, वाढदिवस, नातवंडाचा जन्म असं काहीतरी चांगलंच घडलं होतं.

आता त्या मुलाच्या वाक्याकडे येतो. दुःखाच्या घरात छातीत दुखलं की कुणीतरी पाणी देतं, पाठीवर हात फिरवतं आणि ‘रडून घे, बरं वाटेल’ म्हणतं. घरात बसून हा हार्ट अटॅक की ते मडकं, हे कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. अँजिओग्राफीआधी कळत नाही. आणि मडकं निघालं म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. पहिल्या दिवसांत फुप्फुसात पाणी साचतं, ठोके बिघडतात, थिजलेल्या टोकात रक्ताची गुठळी होऊ शकते. काही रुग्ण दगावतातही. त्यातून निभावलं, तर बहुतेकांचं हृदय काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत आवळू लागतं.

त्या बाई दीड महिन्यानं इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी आल्या. कप्प्याचं टोक छान हालत होतं. मी जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही नीट पाहिली आणि मडक्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

‘हे घरी न्यायला मिळेल का हो, डॉक्टर? मुलाला दाखवायचंय. त्याला अजून वाटतंय, मी उगाच घाबरले होते.’